नवं बॅरल घेण्याआधी तीस गोळ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: .३०८ विंचेस्टरची फॅक्टरी बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल घेऊन सहा महिने झाले. १०० मीटरवर तीन गोळ्यांचा ग्रूप (भोकांचा पुंजका, सगळ्यात दूरच्या दोन भोकांमध्ये मोजलेला) कधी १८ मिलिमीटरचा येतो, कधी ४५ चा. चासी (स्टॉकऐवजीचा धातूचा सांगाडा), ट्रिगर, बॅरल आणि अ‍ॅक्शनचं ट्रूइंग (बोल्ट जिच्यात सरकतो ती अ‍ॅक्शन एका अक्षात आणणं) अशी चार कामं मनात आहेत, पण सगळी एकदम परवडणारी नाहीत. मग सुरुवात कशापासून करावी? आणि शेवटी एक ओळ: की ही विकून ६.५ क्रीडमूर काडतुसाचीच घ्यावी?

मी पंचवीसेक वर्षं रायफली उघडतोय, बसवतोय आणि स्वतः स्पर्धेतही उतरतोय. माझं उत्तर: तूर्त काहीही बदलू नका. पैसे वाचवा म्हणून हे सांगत नाही. तुमची रायफल मुळात किती अचूक आहे, हेच तुम्हाला अजून ठाऊक नाही. १८ मिमी ही तिची खरी ताकद आणि ४५ मिमी हा तिच्यातला दोष, असं तुम्ही धरून चालला आहात. पण हे दोन्ही आकडे एकाच धडधाकट रायफलचे असू शकतात.

गोळ्या नेमाच्या बिंदूभोवती विखुरतात, मध्याजवळ दाट आणि कडेला विरळ. तीन गोळ्यांचा ग्रूप म्हणजे त्या विखुरण्यातून डोळे मिटून उचललेल्या तीन चिठ्ठ्या. तिन्ही मधल्या निघाल्या तर ग्रूप सुरेख दिसतो. एखादी कडेची निघाली की आपण स्क्रू तपासायला बसतो. ज्या रायफलच्या तीन गोळ्यांच्या ग्रूपची सरासरी ३० मिमी आहे, ती एकाच दुपारी, काहीही न हलता, १८ आणि ४५ हे दोन्ही आकडे सहज दाखवते. त्याच रायफलने एकाच नेमावर दहा गोळ्या मारल्या तर ग्रूप सरासरी ४७ मिमीच्या आसपास जाईल. रायफल तीच असते, फक्त विखुरण्याचं अख्खं वर्तुळ आता कागदावर उतरलेलं असतं. ढोबळ मानाने पाच गोळ्यांचा ग्रूप तीनच्या सव्वापटीहून किंचित मोठा आणि दहांचा सुमारे १.६ पट असतो. पाकिटात जपून ठेवलेला तो एक छोटा ग्रूप खोटा नसतो, पण त्याच्यावरून निर्णय घेता येत नाही.

आता किती अचूकता पुरे, हे तुम्ही काय खेळता त्यावर अवलंबून आहे, आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही. एक मिनिट (कोनाचं, अंशाचा साठावा भाग) म्हणजे १०० मीटरवर २९ मिमी. आंतरराष्ट्रीय ३०० मीटर स्पर्धेतलं दहाचं वर्तुळ १०० मिमी व्यासाचं, म्हणजे सव्वा मिनिटापेक्षाही थोडं लहान. १००० यार्डांच्या एफ-क्लासमध्ये (झोपून, टेकू घेऊन खेळायच्या लांब पल्ल्याच्या स्पर्धेत) दहाचं वर्तुळ १० इंचांचं, म्हणजे जेमतेम एक मिनिट, आणि त्याच्या आतलं फुलीचं ५ इंचांचं. तिथे जायचं असेल तर दहा गोळ्यांच्या ग्रूपला दीड मिनिट देणारी रायफल तुम्हाला मागे ओढेल. पण ६०० मीटरवरच्या ३० सेंमीच्या पोलादी तबकडीवर मारायचं असेल, तर ती तबकडी पावणेदोन मिनिटांची आहे. तिथे हुकलेल्या गोळ्यांचा हिशेब मांडलात तर बहुतेक वाऱ्याच्या आणि अंतराच्या अंदाजातल्या चुका निघतील. नवं बॅरल त्या चुका भरून काढत नाही.

म्हणून पहिलं काम हे. एकाच लॉटची, म्हणजे एकाच खेपेत बनलेली, तीस काडतुसं घ्या. पुढे भक्कम टेकू, मागे वाळूची पिशवी, शांत हवा. दहा-दहाचे तीन ग्रूप, नेम तोच. दर पाच गोळ्यांनंतर बोल्ट उघडा ठेवून बॅरल हाताला कोमट लागेपर्यंत थांबा. प्रत्येक गोळी कितवी, ते वहीत टिपत जा. मग तिन्ही कागद नेमाच्या बिंदूवर एकावर एक ठेवून सगळी तीस भोकं एका कागदावर उतरवा. स्कोपला या काळात हात लावायचा नाही. गोळी नेमापासून दूर पडते म्हणून जीव खालीवर झाला तरी नाही.

हा कागद पुष्कळ काही सांगतो. गोल, सलग पसरलेला डाग असेल तर यंत्र निरोगी आहे आणि उरलेला फरक काडतूस आणि बॅरल यांचा. दोन वेगळे पुंजके दिसले तर काहीतरी दोन जागी बसतंय: स्कोप, बेस (स्कोप ज्यावर बसतो ती पट्टी) किंवा स्टॉकमधली अ‍ॅक्शन. बॅरल तापेल तशा गोळ्या क्रमाने एकाच बाजूला सरकत गेल्या तर बॅरल कुठेतरी स्टॉकला टेकतंय किंवा त्याच्या धातूत ताण राहिलाय. उभा पसारा असेल तर वेगातला फरक किंवा मागच्या पिशवीवरचा तुमचा हात. पण सावध राहा: दहा भोकांत माणसाच्या डोळ्याला कुठलीही आकृती दिसते. तिन्ही ग्रूपमधून तीच खूण पुन्हा आली तरच तिच्यामागे जा.

खूण सापडली, तर मी स्टॉककडे वळण्याआधी स्कोपच्या बेसकडे वळतो. एकदा माझ्याकडे एक रायफल आली. दोन पुंजके हमखास. मालकाने दोन स्कोप बदलून पाहिले होते आणि आता बॅरल बदलायचं ठरवलं होतं. बेसच्या पुढच्या भागातला एक स्क्रू केसभर लांब होता. त्याचं टोक खाली बॅरलच्या आट्यांवर टेकत होतं. पाना पूर्ण आवळल्यासारखा वाटायचा, पण त्या स्क्रूने बेस धरलेलाच नव्हता. टोक घासून अर्ध्या आट्याने कमी केलं आणि दुसऱ्या दिवशी ग्रूप एक झाला. म्हणून बेस उतरवून प्रत्येक स्क्रू वेगळा तपासा, तेल पुसा आणि टॉर्क रेंचने आवळा. स्कोप धरणाऱ्या रिंगच्या टोप्यांना बहुधा १५ ते २० इंच-पाउंड, म्हणजे सुमारे २ न्यूटन-मीटर पुरतात. जास्त आवळलंत तर स्कोपची नळी चिमटते आणि आतले भाग अडखळतात.

स्कोप आकड्यांप्रमाणे खरंच चालतो का, तेही याच वेळी पाहून घ्या. १०० मीटरवर एक उंच कागद, त्यावर ओळंब्याने काढलेली उभी रेघ. खाली नेम धरून एक ग्रूप मारा, मग १० मिल (एक मिल म्हणजे अंतराचा हजारावा भाग) वर चढवून त्याच नेमावर दुसरा. दोन्ही ग्रूपच्या मध्यांत बरोबर १ मीटर अंतर यायला हवं आणि दुसरा ग्रूप रेघेवरच पडायला हवा. रेघेच्या बाजूला गेला तर स्कोप तिरका बसलाय. लांब पल्ल्यावर हे महागात पडतं. १७५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं एकक) .३०८ गोळी ९०० मीटरवर पोचेपर्यंत सुमारे १० मीटर खाली आलेली असते. रायफल नुसती एक अंश कलली तरी ती तिथे सुमारे १७ सेंमी बाजूला पडते.

मग काडतुसं. तुम्ही कुठली वापरता हे लिहिलेलं नाही, आणि मला सगळ्यात जास्त शंका तिथेच आहे. एकाच रायफलमध्ये साध्या सरावाच्या काडतुसांवरून चांगल्या मॅच (स्पर्धेसाठी बनवलेल्या) काडतुसांवर गेल्याने जेवढा फरक पडलेला मी पाहिलाय, तेवढा कुठल्याही चासीने पडलेला पाहिला नाही. तीन वेगळ्या बनावटींची मॅच काडतुसं घ्या आणि प्रत्येकाचे दहा-दहाचे दोन ग्रूप मारा. वजन निवडताना बॅरलचा पीळ, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खाचांचा वळसा, पाहा. .३०८ मध्ये १० आणि १२ इंचांत एक फेरा असे दोन्ही पीळ १६८ ग्रेनच्या गोळीला चालतात, त्यामुळे तुमची फारशी अडचण नाही. .२२३ वाल्यांना मात्र हे जपावं लागतं: १२ इंचांत एक फेरा देणारं बॅरल ५५ ग्रेनची गोळी छान फेकतं, आणि ७७ ग्रेनची लांब गोळी त्याच बॅरलमधून डोलत जाऊन कागदाला आडवं भोक पाडते. त्यात बॅरलचा दोष काहीच नसतो. तसंच सिएराची १६८ ग्रेनची मॅचकिंग मुळात ३०० मीटरच्या स्पर्धांसाठी घडवलेली. ३०० ला ती अजूनही सुरेख आहे, पण ९०० मीटरच्या आसपास वेग ध्वनीच्या वेगाजवळ उतरला की ती डळमळते. तिथे १७५ ग्रेनची घ्यावी.

१०० मीटरच्या कागदावर न दिसणारी आणखी एक गोष्ट म्हणजे वेगातला फरक. वेग १ टक्क्याने बदलला की खाली येणं ढोबळ मानाने २ टक्क्यांनी बदलतं. ९०० मीटरवरच्या त्या १० मीटरांचे २ टक्के म्हणजे २० सेंमी. त्यामुळे लांब पल्ल्यासाठी काडतूस निवडताना वेगमापक यंत्र हवंच, नुसता छोटा ग्रूप पुरत नाही.

आता स्टॉक. इथे थोडा वेळ थांबतो, कारण फॅक्टरी रायफलमधली सगळ्यात मोठी खरी सुधारणा बहुतेक वेळा इथेच दडलेली असते आणि ती करायला नेहमीच नवा स्टॉक लागतो असं नाही.

अ‍ॅक्शनला स्टॉकमध्ये प्रत्येक गोळीनंतर हुबेहूब त्याच जागी परत यावं लागतं. धक्का पेलतो तो रिकॉइल लग नावाचा धातूचा ठोकळा. तो वेगवेगळ्या रायफलींत वेगळ्या पद्धतीने बसवलेला असतो. १९६२ मध्ये आलेल्या रेमिंग्टन ७०० मध्ये तो बॅरल आणि अ‍ॅक्शन यांच्यात चकतीसारखा दाबलेला आहे. टिका टी३ मध्ये तो सुटा तुकडा स्टॉकमध्ये बसतो आणि अ‍ॅक्शनच्या खाचेत शिरतो. रुगर अमेरिकनमध्ये स्टॉकमधले पोलादी व्ही-ठोकळे अ‍ॅक्शनला धरतात. त्यामुळे एका रायफलचा इलाज दुसरीला जसाच्या तसा लावू नका.

तपासणी घरी करता येते. रायफल रिकामी, बोल्ट बाहेर, काडतुसं दुसऱ्या खोलीत. डायल इंडिकेटरचा पाय बॅरलवर धरा आणि टोक स्टॉकच्या पुढच्या टोकावर टेकवा. मग अ‍ॅक्शनचा पुढचा स्क्रू हळूहळू ढिला करा, पुन्हा आवळा. मागच्याचंही तसंच. काटा ०.०५ मिमीपेक्षा जास्त हलला तर स्क्रू आवळताना अ‍ॅक्शन वाकतेय, आणि अशा रायफलला बेडिंगने हमखास फायदा होतो. काटा जवळजवळ जागचा हललाच नाही, तर बेडिंग करून तुम्हाला समाधान मिळेल, ग्रूप लहान होईलच असं नाही. हे मी गिऱ्हाइकांनाही सांगतो.

बेडिंग म्हणजे अ‍ॅक्शनखालची जागा धातूमिश्रित इपॉक्सीने अ‍ॅक्शनच्याच आकारात भरून घेणं. गडबड होते ती रिकॉइल लगपाशी. लगची फक्त मागची बाजू घट्ट टेकायला हवी. पुढे, बाजूंना आणि तळाला टेपचा एक थर लावून थोडी मोकळीक ठेवायची. चारी बाजूंनी घट्ट बसवलेला लग दरवेळी अ‍ॅक्शन काढताना बेडिंग खरवडतो आणि तळाला टेकला तर अ‍ॅक्शन उचलून धरतो. दुसरी चूक मॅगझिनच्या डब्याची. आतल्या पत्र्याच्या डब्याला अ‍ॅक्शन आणि खालची पट्टी यांच्यामध्ये किंचित खेळ लागतो. तो दाबला गेला तर स्क्रूचा सगळा जोर डबाच खातो आणि उत्तम बेडिंगही फुकट जातं. स्वतः करणार असाल तर सोडवणीचा लेप अ‍ॅक्शनच्या प्रत्येक खाचेत लावा. इपॉक्सी खाचेत धरली की अ‍ॅक्शन आणि स्टॉक एकजीव होतात, आणि मग ते सोडवणं फार वाईट काम असतं.

बॅरल मोकळं आहे की नाही हे कागदाची पट्टी सरकवून पाहतात. बरोबरच आहे, पण ती रायफल खुंटीला टांगलेली असताना सरकते. प्लास्टिकचा मऊ पुढचा भाग बायपॉडवर वजन टाकलं की वाकतो आणि बॅरलला टेकतो. पट्टी त्या अवस्थेत सरकवून पाहा. तापल्यावर ग्रूप सरकत असेल आणि त्याचं कारण तिथेच सापडलं तर, आणि फक्त तेव्हाच, ताठ स्टॉक किंवा चासी घेण्यात अर्थ आहे. अ‍ॅल्युमिनियमची चासी किंवा धातूचे पिलर (स्क्रूभोवतीच्या नळ्या) असतील तर अ‍ॅक्शनचे स्क्रू साधारण ६५ इंच-पाउंड, म्हणजे ७.३ न्यूटन-मीटरपर्यंत आवळतात. पिलर नसलेल्या प्लास्टिकला इतका जोर देऊ नका, बनवणाऱ्याने दिलेला आकडा पाळा. आवळण्याआधी रायफल दस्त्यावर उभी करा, म्हणजे लग मागे टेकून बसतो. मग पुढचा स्क्रू आधी.

चासीचा दुसरा फायदा मात्र मी मोलाचा मानतो: ती अंगाला बसवता येते. फॅक्टरी स्टॉकवर मोठ्या भिंगाचा स्कोप लावला की गाल हवेत राहतो, मान ताणली जाते आणि डोळा दरवेळी वेगळ्या जागी येतो. पॅरॅलॅक्सची चूक, म्हणजे डोळा सरकल्याने नेम सरकलेला दिसणं, तिथून शिरते. गालपट्टीची उंची आणि दस्त्याची लांबी आधी जमवा. डोळे मिटून गाल टेकवा, मग उघडा. पूर्ण गोल चित्र न शोधता दिसलं पाहिजे. यासाठी साधी बांधायची गालपट्टीसुद्धा चालते, आणि अनेक नेमबाजांचे ग्रूप एवढ्यानेच आवरलेले मी पाहिले आहेत.

ट्रिगरबद्दल. हलका ट्रिगर बॅरलमधून जाणाऱ्या गोळीचं काहीही बदलत नाही, तो तुमच्या बोटाला मदत करतो. तीही मदत वजनापेक्षा स्वच्छ सुटण्याची असते. ३०० मीटर स्टँडर्ड रायफल स्पर्धेत ट्रिगर किमान १५०० ग्रॅमचा असावा लागतो, आणि त्यावर नेमबाज थक्क करणारे गुण घेतात. तुमचा ट्रिगर फॅक्टरीच्या स्क्रूने कमी-जास्त होत असेल तर पुस्तिकेतल्या मर्यादेत एक ते दीड किलोवर आणा आणि थांबा. सिअरची (फायरिंग पिन अडवून धरणाऱ्या खटक्याची) पकड कमी करण्याच्या फंदात पडू नका. नंतर रिकाम्या रायफलवर बोल्ट जोराने बंद करा, दस्त्याला रबरी हातोडीने ठोका, सेफ्टी लावून ट्रिगर ओढा, सोडा आणि मग सेफ्टी काढा. यांतल्या एकाही वेळी फायरिंग पिन सुटली, तर ती रायफल दुरुस्त होईपर्यंत मैदानावर न्यायची नाही. याबाबत मी कुणाचंच ऐकत नाही.

एवढं झाल्यावर पुन्हा तीस गोळ्या. एका वेळी एकच बदल, मग मोजणी. एका नेमबाजाने एकाच आठवड्यात चासी, ट्रिगर आणि मझल ब्रेक (धक्का कमी करणारा मुखावरचा तुकडा) बसवला आणि ग्रूप वाढला. कशामुळे, हे कळायला आम्हाला सगळं उतरवून एकेक परत चढवावं लागलं. ब्रेकच्या आतल्या भोकाला गोळी चाटत होती.

बॅरल माझ्या यादीत शेवटी येतं. ते महत्त्वाचं नाही असं नव्हे. उलट बाकी सगळं नीट असताना ग्रूपचा आकार बॅरल आणि काडतूस हेच ठरवतात. पण बाकीचं नीट नसताना नवं बॅरल त्याच वाकड्या बेडिंगवर बसतं आणि उगाच बदनाम होतं. तीन मॅच काडतुसांनंतरही दहांचे ग्रूप तुमच्या खेळाला पुरत नसतील, तर बदला. आधी मुखाची कड भिंगाने पाहा. सफाईच्या काठीने एका बाजूला झिजलेली कड पुन्हा खरादून घेणं हे बॅरल बदलण्यापेक्षा फार छोटं काम आहे. जाड बॅरल आपोआप जास्त अचूक नसतं. ते सावकाश तापतं आणि कमी थरथरतं. बदलताना हेडस्पेस (बंद बोल्टपुढे काडतुसाला मिळणारी जागा) गो आणि नो-गो गेजने तपासल्याशिवाय एकही काडतूस आत जाता कामा नये. सॅव्हेज ११० सारख्या नटवाल्या रचनेत हे काम तुलनेने सोपं, खांद्यावर बसणाऱ्या बॅरलला लेथ आणि जाणता कारागीर हवा. तुमच्याकडच्या कायद्यात हे कोणी करावं ते आधी पाहून घ्या.

ट्रूइंग, म्हणजे अ‍ॅक्शनचं तोंड, आटे आणि बोल्टचे लग एका अक्षात आणणं, मी फक्त बॅरल उतरलेलं असतानाच करतो आणि तेही मोजल्यावर तिरकेपणा दिसला तरच. त्यासाठी वेगळे पैसे खर्चू नका.

आता तुमची शेवटची ओळ. ६.५ क्रीडमूर २००७ मध्ये आलं तेच लांब पल्ल्याच्या कागदी नेमबाजीसाठी, आणि वाऱ्यात ते खरंच कमी वाहतं: ९०० मीटरवर सेकंदाला १ मीटरचा आडवा वारा १७५ ग्रेनच्या .३०८ ला सुमारे अर्धा मीटर ढकलतो, क्रीडमूरला साधारण त्याच्या तीन चतुर्थांशच. बदल्यात बॅरल लवकर झिजतं. .३०८ मध्ये पाचेक हजार गोळ्यांपर्यंत चांगला काळ मिळतो, क्रीडमूरमध्ये अडीच-तीन हजार. तुमचं मैदान ३०० मीटरचं असेल तर हा बदल तुम्हाला जाणवणारही नाही. ९०० मीटरचं असेल आणि वर्षाला हजारभर गोळ्या मारणार असाल, तर आहे हे बॅरल झिजेपर्यंत याच रायफलवर वारा वाचायला शिका. पुढचं बॅरल क्रीडमूरचं घ्या: त्याची बोल्टची तोंडाकडची बाजू आणि अ‍ॅक्शनची लांबी .३०८ चीच असते, त्यामुळे तुमची अ‍ॅक्शन तशीच चालेल.

तीस भोकांचा कागद तयार झाला की गोळ्यांच्या क्रमासकट आणि काडतुसाच्या लॉटसकट मला लिहा. तुमच्या रायफलबद्दल नेमकं बोलायला मला तेवढं पुरेल.